फुलानींच्या गायींची क्षयतपासणी : सुई टोचणे सोपे, तिसरा दिवस अवघड

पश्चिम आफ्रिकेत सेनेगलपासून थेट सुदानपर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात फुलानी समाजाची वस्ती आहे. या समाजातले कितीतरी लोक आज शहरांत व्यापार करतात, मदरशांत शिकवतात, सरकारी नोकऱ्यांत आहेत. तरीही फुलानी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो काठी खांद्यावर आडवी टाकून गुरांमागे चालणारा माणूस. हे चित्र अगदीच चुकीचे नाही, कारण नायजेरियातील गायीबैलांपैकी बहुसंख्य जनावरे आजही फुलानी कळपांतच वाढतात. या कळपांतल्या दुभत्या गायींना क्षयरोग आहे की नाही हे कसे तपासतात, कागदावर सोपी दिसणारी ही तपासणी माळरानावर का अडखळते आणि तिच्यातून निघालेल्या निष्कर्षाचे पुढे काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

आधी रोगाविषयी. माणसाला होणारा नेहमीचा क्षय ज्या जंतूमुळे होतो, त्याच्याच कुळातला मायकोबॅक्टेरियम बोविस नावाचा जंतू गायीगुरांना क्षय करतो. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तेव्हा माणसाचा आणि गायीचा क्षय वेगळा आहे की एकच, याचा उलगडा झालेला नव्हता. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये दोन्ही जंतूंमधला फरक दाखवून दिला. त्यानंतर १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत खुद्द कॉख यांनीच गायीच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही असे ठामपणे सांगितले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द खोडून काढण्यासाठी ब्रिटनला शाही आयोग नेमून दहा वर्षे प्रयोग करावे लागले. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता: निरशा दुधातून हा रोग माणसाला होतो, आणि विशेषतः लहान मुलांना होतो.

गुरांमध्ये मात्र तो मुख्यतः श्वासावाटे पसरतो. रात्री कळप एका जागी दाटीवाटीने बसवला जातो, पाणवठ्यावर दुसऱ्या कळपांशी गाठ पडते, एका गायीच्या श्वासातले जंतू दुसरीच्या फुप्फुसात जातात आणि तिथे वर्षानुवर्षे दबा धरून राहतात. बाधा झालेली गाय पुष्कळ काळ धडधाकट दिसते, चरते, वेळेवर गाभण राहते, दूधही देते. ती खंगू लागते, खोकू लागते, तोपर्यंत तिच्या शेजारी बसणाऱ्या किती जणींना तिने बाधा दिली याचा हिशेब हाताबाहेर गेलेला असतो. काही गायींमध्ये जंतू कासेत उतरतो आणि दुधातून बाहेर पडू लागतो. अशा गायी थोड्याच असतात. पण दहा-पंधरा गायींचे दूध एकाच भांड्यात ओतले जात असेल, तर एकीचा दोष सगळ्या दुधाला लागतो. वासरू तर थेट सडालाच तोंड लावते.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील फुलानींच्या बहुतेक गायी वशिंडाच्या, म्हणजे आपल्याकडच्या गावरान गायींच्या जातकुळीतल्या आहेत. पांढऱ्या अंगाची, उंच शिंगांची बुनाजी ही नायजेरियात सर्वांत जास्त दिसणारी जात. गडद तांबड्या रंगाची रहाजी दिसायला रुबाबदार, पण तिला कोरडी हवा मानवते. आखूड शिंगांची गुदाली दुधाला त्यातल्या त्यात बरी. दूध मात्र तिघींनाही बेताचेच, दिवसाकाठी एक-दोन लिटर, आणि त्यातलाही वाटा आधी वासराचा. अशा वशिंडाच्या गायी होल्स्टीनसारख्या परदेशी जातींपेक्षा क्षयाला कमी बळी पडतात, असे इथिओपियातील अभ्यासांत दिसून आले आहे. उघड्यावर हिंडणाऱ्या कळपांत बाधित जनावरांचे प्रमाण बहुधा कमीच आढळते. चिंता आहे ती शहरांच्या कडेने उभ्या राहणाऱ्या गोठ्यांची, जिथे जास्त दुधासाठी संकरित गायी आणून बंदिस्त जागेत दाटीने बांधल्या जातात. मात्र प्रमाण कमी आहे म्हणून तपासणी सोपी होत नाही. उलट प्रमाण कमी असले की चाचणीच्या चुका अधिक महाग पडतात. ते कसे, हे पुढे येईलच.

माणसाच्या बाजूचे चित्र आकड्यांत सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे १ लाख ४० हजार लोकांना जनावरांकडून आलेला क्षय झाला आणि त्यांतील सुमारे ११,४०० दगावले. रुग्णांपैकी जवळपास निम्मे आफ्रिकेतले होते. माणसांच्या एकूण क्षयरुग्णांपुढे ही संख्या छोटी आहे आणि ती अंदाजाचीच राहणार, कारण जिथे हा रोग जास्त आहे तिथल्या दवाखान्यांत गायीचा जंतू आणि माणसाचा जंतू वेगळा ओळखण्याची सोय सहसा नसते. थुंकीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन्ही जंतू सारखेच दिसतात. अलीकडे सर्वत्र वापरले जाणारे जीनएक्स्पर्ट यंत्रही क्षय आहे एवढेच सांगते, कोणत्या जंतूचा ते सांगत नाही. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहावा, तर नेहमीच्या पोषक माध्यमातले ग्लिसरीन गायीच्या जंतूला मानवत नाही. त्याच्यासाठी पायरुव्हेट घातलेले वेगळे माध्यम लागते. जी प्रयोगशाळा ते वापरत नाही, तिच्या नोंदवहीत गायीचा क्षय जवळजवळ नसतोच!

हा फरक कळणे रुग्णाच्याही हिताचे आहे. क्षयाच्या उपचारात पहिले दोन महिने दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध गायीच्या जंतूवर चालत नाही, हा जंतू जन्मतःच त्याला दाद देत नाही. शिवाय दुधावाटे आलेला क्षय पुष्कळदा फुप्फुसात न होता मानेच्या गाठींत किंवा पोटात होतो, आणि थुंकी तपासण्याभोवती उभी राहिलेली यंत्रणा असा रुग्ण सहज निसटू देते.

आता तपासणीकडे वळू. तिचे मूळ एका फसलेल्या औषधात आहे. १८९० मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूंपासून काढलेला एक अर्क क्षयावरचा उपाय म्हणून जाहीर केला. रुग्ण त्याने बरे झाले नाहीत, काही दगावले, कॉख यांची नाचक्की झाली. पण ज्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू आधीच शिरलेला आहे, त्यांची या अर्काला येणारी प्रतिक्रिया वेगळी असते, हे तेव्हा ध्यानात आले. हाच अर्क म्हणजे ट्युबरक्युलीन. त्याचे शुद्ध केलेले रूप आजही जगभर गायींच्या मानेत टोचले जाते.

प्रत्यक्ष कृती अशी असते. गायीला झाडाला किंवा खुंटाला बांधून, शिंगांना दोर घालून आणि नाकपुड्या हाताने घट्ट धरून स्थिर केले जाते. पशुवैद्य तिच्या मानेच्या मधल्या भागावर, एकमेकांपासून साधारण १२ ते १५ सेंटिमीटर अंतरावर, दोन ठिकाणचे केस भादरतो. प्रत्येक ठिकाणची कातडी चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजतो आणि वहीत लिहितो. मग एका जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून बनवलेले ट्युबरक्युलीन आणि दुसऱ्या जागी गायीच्या क्षयजंतूपासून बनवलेले ट्युबरक्युलीन, प्रत्येकी फक्त ०.१ मिलिलिटर, कातडीच्या आत, खालच्या मांसात न जाऊ देता टोचतो. टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तर सुई योग्य थरात गेली, नाहीतर पुन्हा टोचावे लागते. गाय सुटते, चरायला जाते. बरोबर ७२ तासांनी तीच गाय पुन्हा बांधायची, त्याच दोन जागांची जाडी पुन्हा मोजायची. जंतूची ओळख असलेल्या शरीरात संरक्षक पेशी दोन-तीन दिवसांत टोचलेल्या जागी गोळा होतात आणि कातडी सुजते. ओळख नसेल तर काहीच होत नाही.

दोन टोचण्या कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडेल. माती आणि पाण्यात याच कुळातले पुष्कळ निरुपद्रवी जंतू असतात, चरताना गायीची त्यांच्याशी गाठ पडते आणि त्यांच्यामुळेही थोडी सूज येऊ शकते. पक्ष्यांच्या जंतूचे ट्युबरक्युलीन ही पार्श्वभूमीची सूज किती हे सांगते, आणि ती वजा केल्यावर जे उरते ते खऱ्या रोगाचे. गायीच्या जागेवरची वाढ पक्ष्याच्या जागेवरच्या वाढीपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त असेल तर गाय बाधित धरली जाते, १ ते ४ मिलिमीटर असेल तर संशयित, त्याखाली असेल तर निरोगी. उदाहरणार्थ, पक्ष्याच्या जागेवर कातडी ७ वरून ९ मिलिमीटर झाली आणि गायीच्या जागेवर ७ वरून १५ झाली, तर वाढ अनुक्रमे २ आणि ८, फरक ६, निकाल स्पष्ट. आफ्रिकेतील काही संशोधकांनी ४ ऐवजी २ मिलिमीटरची सीमा वापरली आहे, कारण तिथल्या वशिंडाच्या गायींमध्ये कडक सीमेने काही खऱ्या बाधित गायी सुटतात असे त्यांना कत्तलीनंतरच्या पाहणीत दिसले. सीमा खाली आणली की सुटणाऱ्या गायी कमी होतात आणि विनाकारण अडकणाऱ्या वाढतात. हा सौदा टाळता येत नाही.

चाचणीच्या चुका समजून घेतल्याशिवाय तिच्याकडून काय मागावे हे ठरवता येत नाही, म्हणून थोडे गणित करू. समजा १,००० गायी तपासल्या आणि त्यांतल्या ५० खरोखर बाधित आहेत. चाचणी बाधितांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी गायींपैकी ९९ टक्क्यांना निरोगीच ठरवते असे मानले, तर ५० पैकी ४० सापडतील, १० सुटतील, आणि ९५० निरोगी गायींपैकी नऊ-दहा फुकट बाधित ठरतील. म्हणजे बाधित ठरलेल्या पन्नासेक गायींपैकी दर पाचातली एक निर्दोष. आता बाधित गायी ५० ऐवजी १० च आहेत असे धरा: सापडतील ८ आणि फुकट अडकतील पुन्हा दहाच्या आसपास, म्हणजे बाधित ठरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त निर्दोष. चाचणी तीच, पशुवैद्य तोच, कॅलिपर तोच. बदलले ते कळपातले रोगाचे प्रमाण. फुलानी कळपांत हे प्रमाण कमी असते हे वर आलेच आहे, आणि एखाद्या पशुपालकाने धट्टीकट्टी गाय दाखवून "हिला कसला रोग?" असे विचारले, तर त्याचे म्हणणे नेहमीच अडाणीपणाचे नसते.

सुटणाऱ्या गायींची कारणे वेगळी आहेत. नुकती व्यायलेली गाय काही आठवडे नीट प्रतिक्रिया देत नाही. दलदलीत चरणाऱ्या गुरांच्या यकृतात पर्णकृमी असतील तर प्रतिक्रिया मंदावते. उपासमारीने खंगलेल्या गायीचेही तसेच. आणि सर्वांत विचित्र गोष्ट अशी की रोगाने पूर्ण पोखरलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या गायीची कातडी मुळीच सुजत नाही, कारण तिच्या शरीराची लढण्याची ताकदच संपलेली असते. कळपातली सर्वांत जास्त जंतू सोडणारी गाय चाचणीत निरोगी ठरू शकते. म्हणून कॅलिपर बाजूला ठेवून गायीकडे, तिच्या खोकल्याकडे, तिच्या मानेखालच्या गाठींकडे पाहणारा अनुभवी डोळाही लागतो. एकदा टोचल्यावर शरीर काही काळ दुसऱ्या टोचणीला दाद देत नाही, त्यामुळे संशयित गाय पुन्हा तपासायची तर साधारण ४२ ते ६० दिवस थांबावे लागते.

रक्ताची चाचणीही आहे. तिच्यात गाय दुसऱ्यांदा पकडावी लागत नाही, हा मोठाच फायदा. पण रक्ताचा नमुना जिवंत पेशींसह सुमारे एका दिवसाच्या आत सुसज्ज प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, आणि खर्च पुष्कळ. नायजेरियातील व्होम या गावी १९२४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिच्या आसपासच्या कळपांना हे जमू शकेल. रस्ता जिथे संपतो त्याच्या पलीकडे दोन दिवसांच्या चालीवर असलेल्या तळाला जमणार नाही. त्यामुळे मानेतली टोचणी हेच आजचे व्यवहार्य साधन.

आणि तिची खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी होते.

व्होम ज्या जॉस पठारावर आहे ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे. तिथल्या थंड हवेत गुरांना जीवघेणा रोग देणाऱ्या त्सेत्से माशीचा उपद्रव नसल्यामुळे फुलानी कळप पिढ्यानपिढ्या तिथे चरायला येत आले, आणि पुष्कळ कुटुंबांनी तिथेच कायमची घरे केली. पण घर कायमचे झाले तरी कळप कायमचा एका जागी राहत नाही. पाऊस संपून गवत वाळले की तरुण मुले बहुतेक गुरे घेऊन दक्षिणेकडे, बेन्वे नदीच्या ओल्या खोऱ्याकडे निघतात आणि पावसाळा सुरू झाला की परततात. घरी म्हातारी माणसे, बायका, लहान मुले आणि थोड्या दुभत्या गायी मागे राहतात. ७२ तासांनी तीच गाय त्याच जागी सापडावी ही अपेक्षा करणारी चाचणी अशा जीवनात बसवायची, तर आधी गवताचे आणि पाण्याचे वेळापत्रक माहीत हवे. टोचून गेलेला पशुवैद्य तिसऱ्या दिवशी परतला आणि कळप पुढच्या पाण्याला निघून गेलेला असला, तर दोष कोणाचाच नसतो. पण वाया गेलेले ट्युबरक्युलीन बर्फाच्या पेटीत घालून, शीतसाखळी सांभाळून आणलेले असते, आणि पुढची टोचणी दीड-दोन महिने लांबते.

शिवाय अनोळखी माणसाला कळप मोजू द्यायचा का, हा प्रश्न आहेच. इंग्रजांच्या राजवटीत उत्तर नायजेरियात गुरांच्या डोक्यांवर जंगाली नावाचा कर होता. वहीपेन्सिल घेऊन येणारा सरकारी माणूस गायी मोजतो तो कर लावण्यासाठीच, हा अनुभव पिढ्यांनी घेतला आणि निम्मा कळप झाडीत लपवण्याची कला त्यातूनच आली. कर नंतर रद्द झाला, संशय उरला. गेल्या काही वर्षांत शेतकरी आणि पशुपालक यांच्यातील रक्तरंजित संघर्षाने त्यात भर घातली आहे. बेन्वे राज्याने तर २०१७ मध्ये कायदा करून मोकळी चराई बंदच केली. अशा काळात गायीच्या मानेवरचे भादरलेले दोन चौकोन म्हणजे आपली गाय जप्तीसाठी हेरली गेल्याची खूण, असे एखाद्याला वाटले तर त्याला हसण्याचे कारण नाही.

पशुपालक तयार झाला, गाय तिसऱ्या दिवशी सापडली, फरक ६ मिलिमीटर आला. पुढे काय? माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक चर्चा नेमक्या इथे येऊन आवाज खाली करतात. श्रीमंत देशांनी दिलेले उत्तर माहीत आहे: बाधित गाय मारायची आणि मालकाला भरपाई द्यायची. अमेरिकेने १९१७ मध्ये ही मोहीम सुरू केली तेव्हा तिथल्या सुमारे ५ टक्के गुरांना क्षय होता. १९४० पर्यंत तो अर्ध्या टक्क्याच्या खाली आला. त्यासाठी लाखो गुरे मारली गेली आणि केंद्र व राज्य सरकारांनी मिळून भरपाईचा भार उचलला. तरीही १९३१ मध्ये आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी तपासणीला इतका कडवा विरोध केला की राज्यपालांना पशुवैद्यांच्या संरक्षणासाठी सैनिक पाठवावे लागले. भरपाई मिळत असतानाची ही कथा. नायजेरियात देशभर राबवलेली तपासणी आणि भरपाईची अशी योजना नाही. फुलानी कुटुंबात गाय म्हणजे दूध, मुलीच्या लग्नातली देणगी, आजारपणातला खर्च आणि समाजातली पत हे सगळे एकत्र असते. निकाल ऐकल्यावर मालक काय करतो? तो ती गाय जवळच्या बाजारात नेऊन विकतो. त्याच्या जागी कोणीही तेच केले असते. गाय दुसऱ्या कळपात किंवा कत्तलखान्यात जाते, आणि तपासणीने रोग शोधून त्याला प्रवासाला पाठवले एवढेच साधते.

हा पेच महाराष्ट्रातल्या वाचकाला परका नाही. आपल्याकडे २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी आहे. बाधित गाय मारण्याचा मार्ग भारतातल्या बहुतेक राज्यांत उपलब्ध नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने भारतातील सुमारे ७.३ टक्के गायीम्हशींना, म्हणजे २ कोटी १८ लाख जनावरांना, हा रोग असावा असा अंदाज मांडला होता. तिथे पैसा नाही, इथे परवानगी नाही. दोन्हीकडे चाचणीनंतरची वाट अर्धवटच आहे.

कत्तलखान्यातली तपासणी हा दुसरा मार्ग, आणि सध्या नायजेरियात सर्वांत जास्त माहिती तिथूनच येते. निरीक्षक घशाजवळच्या आणि फुप्फुसांलगतच्या लसिकाग्रंथी सुरीने कापून पाहतो. क्षय असेल तर आत पिवळसर, चुरा होणारा गर दिसतो आणि चुना साठलेला असल्यामुळे सुरी कापताना करकरते. इबादान शहरातील बोदिजा कत्तलखान्यातून अशा गाठी गोळा करून तिथल्या विद्यापीठातील संशोधकांनी बरेच काम केले आहे. या गाठींतल्या जंतूंचे जनुकीय ठसे पाहिल्यावर माली, नायजेरिया, कॅमेरून आणि चाड या चारही देशांत एकाच वंशातला जंतू फिरतो आहे असे २००९ मध्ये स्पष्ट झाले. गुरांच्या व्यापाराच्या आणि चराईच्या वाटांना देशांच्या सीमा फारशा ठाऊक नसतात, याचा हा जंतूने दिलेला पुरावाच म्हणायचा. कत्तलखान्याची अडचण उघड आहे: गाठ सापडते तोवर गाय तीन-चार बाजारांतून फिरून आलेली असते, कानात बिल्ला नसतो, आणि ती मुळात कोणत्या कळपातली हे सांगणारा कोणी उरत नाही.

मग दुधाकडे यावे लागते. फुलानी कुटुंबात गायी पुरुषांच्या, पण दूध आणि दुधाचा पैसा बायकांचा. सकाळी काढलेले दूध भोपळ्याच्या तुंब्यात ओतून ठेवतात, ते आपोआप आंबते, घुसळून लोणी काढतात आणि उरलेले आंबट दूध, ज्याला हाउसा भाषेत नोनो म्हणतात, डोक्यावर घेऊन बाजारात जातात. तिथे ते बाजरीच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर, म्हणजे फुरा कालवून, भर उन्हात उभ्या उभ्या प्यायले जाते. उत्तर नायजेरियात दुपारच्या जेवणाऐवजी एवढ्यावर भागवणारे पुष्कळ आहेत. या सगळ्या प्रवासात दूध बहुधा एकदाही तापत नाही. आंबल्याने पुष्कळ जंतू मरतात हे खरे, पण क्षयाच्या जंतूबाबत त्यावर विसंबता येत नाही. बेन्वेच्या काठच्या मकुर्डी शहरात ताज्या दुधात आणि बाजारातल्या नोनोतही या कुळातले, जनावरांकडून माणसाला बाधणारे जंतू सापडलेले आहेत. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले तरी हा जंतू मरतो. साधी उकळी तर पुरून उरते.

मराठी घरात दूध आधी तापवून, कोमट करून मग त्याला विरजण लावतात. नोनोसाठीही हेच करता येते, आणि आदल्या दिवशीचे थोडे नोनो विरजण म्हणून चालते. पण हे सांगताना सरपण कोण आणणार, हे विचारात घ्यावे लागते. कोरड्या पठारावर लाकडासाठी बायकांनाच मैलोनमैल चालावे लागते, तापवलेल्या दुधाची चव गिऱ्हाइकाला वेगळी लागते, आणि जी बाई दूध तापवते तिला बाजारात एक पैसाही जास्त मिळत नाही. "दूध उकळा" असे भिंतीवर रंगवून जाणाऱ्यांनी ही तीन कारणे एकदा मोजून पाहावीत. तपासणीचा उपयोग इथे वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतो. बाधित ठरलेली गाय विकली जाणारच असेल किंवा ठेवली जाणारच असेल, तर निदान तिचे दूध वेगळे काढून तेवढेच तापवावे. दहा लिटरऐवजी एका लिटरला सरपण लागेल. बाकीचे दूध त्यामुळे निर्धोक होते असे नाही, सुटलेल्या गायी आहेतच, पण धोक्याचा मोठा वाटा कमी होतो. ही तडजोड आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या उत्तरापेक्षा मला ती जास्त प्रामाणिक वाटते. गायीला माणसासारखी महिनोन्महिने औषधे देण्याचा विचार सोडून द्यावा. ती औषधे दुधात उतरतात, आणि अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात.

लसीकडे आता गंभीरपणे पाहिले जात आहे. जन्मल्यावर आपल्या दंडावर टोचली जाणारी बीसीजी लस मुळात गायीच्याच क्षयजंतूपासून बनलेली आहे: फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात तो जंतू २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून निष्प्रभ केला. ती गायींना द्यायला अडचण एवढीच की लस दिलेली गायही ट्युबरक्युलीनला सुजून दाखवते, त्यामुळे लस आणि तपासणी एकत्र नांदू शकत नव्हत्या. आता लस दिलेली गाय आणि बाधित गाय यांत फरक करणारी नवी त्वचाचाचणी विकसित झाली आहे. इथिओपियात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की लस घेऊनही ज्या गायींना बाधा झाली, त्यांच्याकडून दुसऱ्यांना रोग जाण्याची शक्यता ७४ टक्क्यांनी कमी झाली. तो प्रयोग गोठ्यातल्या संकरित गायींवर झाला. मोकळ्या फिरणाऱ्या बुनाजीवर तो तसाच लागू होईल असे गृहीत धरू नये.

तोवर आहे त्या टोचणीची मांडणी तरी कळपाच्या सोयीने करता येते. चाडमध्ये २००० च्या सुमारास झालेल्या पाहणीत भटक्या पशुपालकांच्या गुरांना लस टोचलेली होती, पण त्यांच्या मुलांपैकी एकालाही सर्व लसी मिळालेल्या नव्हत्या, कारण गुरांचा डॉक्टर तळापर्यंत जायचा आणि माणसांचा जायचा नाही. मग दोन्ही पथके एकाच गाडीतून पाठवण्यात आली; लाभ झालेल्यांत फुलानी कुटुंबेही होती. क्षयतपासणीला हाच धडा लावता येईल. तपासणी पावसाळ्याच्या सुरुवातीला, कळप परतून काही महिने एका भागात स्थिरावल्यावर ठेवली, तर संशयित गायींची दोन महिन्यांनंतरची फेरतपासणीही त्याच मुक्कामात होऊन जाते. पहिल्या दिवशी फक्त टोचावे. जंतनाशक औषध आणि गुरांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहाची लस, जिची मागणी पशुपालक स्वतःहून करतात, ती तिसऱ्या दिवशी मोजणी झाल्यावर द्यावी. लसीसाठी तो गाय घेऊन येईल, आणि कॅलिपर तिथे असेलच. त्याच तिसऱ्या दिवशी आरोग्यसेविकेने मुलांच्या मानेच्या गाठी चाचपाव्यात, खोकणाऱ्या मोठ्या माणसांची थुंकी घ्यावी. कारण क्षय उलट दिशेनेही जातो: नायजेरियातल्या गायींमध्ये माणसाच्या क्षयाचा जंतूही सापडलेला आहे, आणि रात्र रात्र कळपाशेजारी झोपणारा गुराखी आजारी असेल, तर सुरुवात त्याच्यापासूनही झालेली असू शकते.